क्रिएटिन घेत असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलिस भरतीच्या तयारीला लागलेल्या माझ्या पुतण्याच्या रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी मोजतात तो घटक) दोन महिन्यांपूर्वी वाढून 1.5 निघाले आणि मूत्रपिंडाच्या धास्तीने घरात कोणाच्या घशाखाली घास उतरेना. अखेर त्याने कबूल केले की, तो चार महिने जिममधून आणलेली क्रिएटिनची पावडर घेत होता आणि आम्ही रागावू म्हणून त्याने डॉक्टरांनाही ते सांगितले नव्हते.

क्रिएटिन म्हणजे स्टेरॉइड नव्हे. आपले शरीरही ते तयार करते, मांस-मासळीतून ते मिळते आणि त्यातले सुमारे 95 टक्के स्नायूंत साठते. त्याच्याच विघटनातून क्रिएटिनिन बनते. त्यामुळे पावडर घेणाऱ्याच्या रक्तात ते थोडे वाढलेले दिसले, तरी तेवढ्यावरून मूत्रपिंड बिघडले असे म्हणता येत नाही. लघवीतील प्रथिने आणि रक्तातील सिस्टॅटिन-सी (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे आणखी एक प्रथिन) तपासून डॉक्टरांना खरे काय ते पाहता येते. पण त्यासाठी मुलाने पावडरीचे नाव तर घ्यायला हवे! पुतण्याची पावडर बंद करून महिन्याभराने पुन्हा तपासले, तेव्हा आकडा 1.1 वर आला.

निरोगी प्रौढांसाठी रोज 3 ते 5 ग्रॅम मात्रा सुरक्षित असल्याचे आजवरच्या संशोधनातून दिसते. मात्र लवकर परिणाम दिसावा म्हणून काही मुले सुरुवातीलाच दिवसाला 20 ग्रॅम घेतात, तेव्हा पोट बिघडते, जुलाब होतात. स्नायूंत पाणी साठून वजनही किलो-दीड किलोने वाढते, याचा विचार 1600 मीटर धावणाऱ्याने तरी करावा. गोळाफेकीसारख्या क्षणिक जोराच्या प्रकाराला क्रिएटिनचा जो उपयोग होतो, तो लांब धावण्याला फारसा होत नाही. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

मला अधिक काळजी वाटते ती पिशवीतून सुट्या मिळणाऱ्या पावडरीची. डब्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक व बॅच क्रमांक नसेल, तर आत क्रिएटिनच आहे की आणखी काही मिसळले आहे, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांनी नाव-वय लिहून घेतानाच ‘जिमची कोणती पावडर घेता का?’ एवढा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर अहवालावर नोंदवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सांगली