शनिवारी सकाळी सात वाजता

ती. आई-बाबांस,
सा. न.

शनिवारी सकाळी सात वाजता रक्त घ्यायला रामबागेत आपल्या घरी एक मुलगा येईल. दोघांचे पैसे भरून झालेत. विचारून करायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, दिवाळी होऊ दे.

कारण माझंच आहे. माझे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ६१२ निघाले. दीडशेच्या आत हवेत. लॅबमधल्या बाईंनी नळी उजेडात धरली. रक्त खाली बसल्यावर वर राहणारं पाणी, सिरम, नितळ पिवळसर असायला हवं, माझं पातळ ताकासारखं पांढुरकं. आई, घाबरू नकोस. गोळी सुरू झालीय, डबा नेते, झोपते वेळेवर. पोळ्यांच्या बाई परत यायला लागल्यात.

डॉक्टर म्हणाले, पाचशेच्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज यायची भीती. मला आजोबांचं पोट आठवलं. ही चरबी रक्तात फोडणारं एक एन्झाइम असतं, एलपीएल. एपीओए५ हा जीन त्याला हात देतो, एपीओसी३ ब्रेक लावतो. कोणाचा ब्रेक जन्मतःच सैल, त्यांचा आकडा आयुष्यभर कमी. (मावशी त्यातलीच असणार.) बहुतेकांत मात्र थोडं आईकडचं, थोडं वडिलांकडचं असं साठत जातं. तेव्हा कोणाच्या घराण्याचं, यावरून जुंपू नका. जीनची तपासणी मी करणार नाहीये, त्याने माझी गोळी किंवा पथ्य बदलणार नाही.

बाबा, तुमचा आकडा वाढला तेव्हा शेवेवरून मी किती बोलले! मी स्वतः शेव सोडून सात वर्षं झाली, तरी ६१२. तुमचा आकडा नुसता सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्याचा नव्हता. चुकलंच माझं. लुनावर पुढे उभी करून राजवाड्याला न्यायचात, जिलबीचा तुकडा फुंकर घालून भरवायचात, ते परवा लॅबच्या बाकावर बसल्या बसल्या आठवलं.

म्हणून रान मोकळं नाही हं. साखर लिव्हरमध्ये जाऊन हीच चरबी होते, तुपापेक्षा जिलबीचीच भीती जास्त. शुक्रवारी आठला जेवण, मग फक्त पाणी. रात्री सराफ्यात "सहज चक्कर" नाही. बीपीची गोळी मात्र चुकवायची नाही. आई, थायरॉइडची गोळी विसरतेस ना? त्यानेही हे वाढतं. डबीवर वार लिहून ठेव.

पोहे मुलगा नळ्या घेऊन गेल्यावरच. वर चिमूटभर शेव घ्या, मी काही बघायला नाही.

तुमची,
चिंगी