बाबा, भिंतीवरचं तुम्ही वाचा

ती. आई-बाबा यांना शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. त्रिचीतली नोकरी मी आणखी तीन वर्षांसाठी घेतली आहे. सही कालच केली. 'दोन वर्षांत परत येते' म्हणाले होते, विसरले नाही. पण पगार वाढला की घराचे हप्ते हलके होतील, आणि माझ्या कामाचं मिरजेत काही नाही, हे बाबा तुम्हीच म्हणाला होतात ना? मी नानाकाकांसारखी तिकडचीच होणार नाही. आई, हे पहिलं मनातून काढ.

आणि हा मुलूख अगदी परका नाही गं. इथून तासा-सव्वा तासावर तंजावर. व्यंकोजीराजांचं. १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती तिथे. म्हणून जानेवारीची तुमची तिकिटं काढली आहेत. रद्द करायची नाहीत.

राजराज चोळाचं ते मोठं देऊळ १०१० मधलं. आवारात सगळीकडे तमिळ कोरलेलं, आणि एका भिंतीवर एकदम आपली अक्षरं! सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय. बाबा, खिद्रापूरच्या देवळात खांद्यावर बसवून तुम्ही माझ्याकडून एकेक अक्षर वाचून घ्यायचात. तिथे उभी असताना तुमचा खांदाच आठवत होता.

आईच्या गुडघ्यांची काळजी नको. खोली तळमजल्यावर घेतली आहे, कमोड आहे, रात्री गरम दूध मिळेल. ज्वारीचं पीठ मी आणून ठेवलंय, तुम्ही ओझं आणू नका. देवळात अनवाणी जावं लागतं आणि फरशी तापते, तेव्हा सकाळी सातलाच जायचं. दुपारी देऊळ बंदच असतं. राजवाड्यातल्या चोळांच्या ब्राँझमूर्ती जमतील तेवढ्याच बघू.

सरस्वती महाल हे राजांचं ग्रंथालय मात्र सोडायचं नाही. तिथे मोडीतले गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. सरफोजीराजांनी डोळ्यांच्या रोग्यांवरच्या उपचारांच्या नोंदी ठेवल्या होत्या, डोळ्यांची चित्रं काढवून. त्याही तिथेच जपल्यात. दोनशे वर्षांपूर्वी लोक डोळ्याला शस्त्र लावून घेत होते, आणि तुम्ही मोतीबिंदू तीन वर्षं पुढे ढकलताय!

दिवाळीला मी आठ दिवस येतेय. तेव्हाच ऑपरेशन. डॉक्टरांशी मी बोललेय, थेंब मी घालीन, तुम्ही फक्त हो म्हणा. नंतर धुरात बसायचं नाही, वाकायचं नाही, पेपर आई वाचून दाखवेल.

जानेवारीत त्या भिंतीपाशी तुम्ही वाचा. मी ऐकेन.

तुमची,
मनी