पोहोचलीस की कळव

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. माझी लेक ते तुमच्या स्वयंपाकघरात बसून एकेक वाक्य स्पॅनिशमध्ये सांगेल, आणि ती जिथे अडेल तिथे तुम्ही सवयीप्रमाणे तिच्याआधीच वाक्य पुरं कराल. तरी मराठीतच लिहितेय, आणि चारचौघांसमोर. सांगलीत 31 वर्षं मी शाळेत व्याकरण शिकवलं. पण मराठी क्रियापदाकडे नीट बघायला मला स्पेनमधल्या सालामांकातल्या एका बटणं विकणाऱ्या बाईने शिकवलं, हे इथल्या लोकांना कळायला हवं.

‘ताई’ हे नाव तुम्हाला मिळालं तेही अडचणीतून. पहिल्यांदा जिन्यात भेटलात तेव्हा मी लेकीने पढवल्याप्रमाणे ‘उस्तेद, उस्तेद’, म्हणजे आदराचं ‘तुम्ही’, करत होते. तुम्ही हात झटकलात. उस्तेद बँकेत, इथे नुसतं ‘तू’. आता तुमचा ‘तू’ म्हणजे अर्थालाही आणि कानालाही आमचाच ‘तू’. 74 वर्षांच्या बाईला मी अरे-तुरे कशी करणार? जीभ रेटेना. मग ‘तू’च्या आधी ‘ताई’ लावायला लागले. तोंडी तू, मनात तुम्ही. दोन्ही घरची रीत राखली.

नातवाच्या वेळी मी आले तेव्हा लेकीने फ्रिजवर एक तक्ता चिकटवून ठेवला होता. क्रियापद येगार, म्हणजे पोहोचणे. आई रिकामी बसायला नको म्हणून ही सोय. मी मास्तरीण, आधी मोजून बघितलं. स्वार्थाच्या, म्हणजे सरळ विधानाच्या, पाच साध्या रांगा, पाच संयुक्त. सुबखुन्तिवो नावाच्या प्रकरणाच्या चार आणि चार. अशा अठरा रांगा, आणि दर रांगेत मी-तू-तो-आम्ही-तुम्ही-ते अशी सहा रूपं. एकूण 108. जपमाळेत मणी असतात तेवढे! आज्ञार्थ आणि धातुसाधितं यात धरलेलीच नाहीत. माझा व्हिसा 90 दिवसांचा. रोज एक मणी ओढला असता तरी माळ पुरी झाली नसती.

तुम्ही एकदा अंडी मागायला आलात, चष्मा चढवून तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचलात आणि लेकीला विचारलंत, “हे सगळं मी बोलते?”

बोलत होतात की. मी बाबागाडी घेऊन नदीवर निघाले, बाजारात निघाले, नुसती चौकापर्यंत निघाले तरी तुमचं एक वाक्य जिन्यातून मागे यायचंच. “आविसा क्वांदो येगेस.” पोहोचलीस की कळव. तक्त्यात ‘तू पोहोचतेस’ला येगास लिहिलं होतं. मग हे येगेस कुठलं? आधी वाटलं, तुमची जीभ तशी असेल, गावाकडची. माझ्या हातात लाल पेन असतं तर मी खूण केली असती. आठ दिवसांनी न राहवून विचारलं, तेव्हा तुम्ही काही समजावलं नाही. आत जाऊन डबा घेऊन आलात.

निळा, गोल, लोण्याच्या बिस्किटांचा डबा. त्यात बिस्किटं कधीच नसतात, हे सांगलीत आणि सालामांकात सारखंच. दुकान बंद केलंत तेव्हाची उरलेली बटणं त्यात होती. तुम्ही टेबलाच्या मेणकापडावर पांढरा दोरा लांबच लांब पसरलात. हे येगाबा. मग त्या दोऱ्यावर मधेच एक लाल बटण टक्कन ठेवलंत. हे येगे. घरी पोहोचत होते, हा दोरा. फोन वाजला, हे बटण. लहानपणी मी शाळेत रोज उशिरा पोहोचायचे, हाही दोराच. काल पोहोचले, बटण. मला हसूच आलं, कारण मराठीत ‘पोहोचायचे’ आणि ‘पोहोचले’ यांत नेमकं हेच अंतर आहे. आम्ही मात्र मुलांकडून रीतिभूतकाळ, साधा भूतकाळ अशी नावं पाठ करून घेतो आणि दोरा कधी दाखवत नाही.

मग तुम्ही अंगातल्या स्वेटरचं वरचं बटण काढलंत आणि रिकाम्या काजात बोट घालून दाखवलंत. “क्वांदो येगेस.” काज तयार आहे, बटण अजून लागायचंय. येगास म्हणजे लागलेलं बटण, येगेस म्हणजे काज. सुबखुन्तिवो हे एवढंच, असं तुमचं म्हणणं. तू पोहोचावंस अशी माझी इच्छा आहे, बस पोहोचली म्हणजे बरं, सगळी काजंच. त्यातलं ‘ओखाला’, म्हणजे आमचं ‘देव करो आणि’, हे अरबीतून आलेलं, मुळात अल्लाची मर्जी असली तर, हे लेकीने मधेच सांगितलं. तुम्हाला ते नवीन नव्हतं. तुम्ही स्वेटरच्या खालच्या टोकाला गेला होतात. तिथे एक काज होतं, पण त्याचं बटण कधीच हरवलेलं. “सी उब्येरा येगादो आंतेस…” मी आधी पोहोचले असते तर. एवढं म्हणून तुम्ही थांबलात. पुढचं अर्धं वाक्य आलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मराठीतही ‘असते तर’च्या पुढे कितीतरी माणसं थांबतात.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तुमचं वाक्य मराठीत फिरवून बघत होते. पोहोचलीस की कळव. पोहोचलीस! अजून निघालेसुद्धा नाही, आणि आम्ही चक्क भूतकाळ वापरतो. तुम्ही न लागलेल्या बटणासाठी काज दाखवता, आम्ही बटण लागलंच असं समजून पुढचं बोलतो. पाऊस आला की कपडे आत घे. देवाने ऐकलं तर बघू. 31 वर्षं मी फळ्यावर ‘ल’-आख्यात, म्हणजे ‘ल’ लागलेलं क्रियापद, हा भूतकाळ असं लिहीत आले, आणि तेच ‘ल’ रोज दाराशी उभं राहून उद्याचं बोलतंय, हे माझ्या कानाला कधी टोचलं नाही.

त्याचाच मला फटका बसला, आणि तुम्हाला त्रास झाला. नातवाला घेऊन आम्ही दोन दिवस माद्रिदला गेलो, बसने अडीच-तीन तास. तुम्ही जिन्यातून नेहमीचं वाक्य टाकलंत. रात्री नऊला मुक्कामी पोहोचल्यावर मी अभिमानाने, लेकीला न विचारता, तुम्हाला संदेश पाठवला, “या येगो.” मला म्हणायचं होतं, पोहोचले बरं का. निघालं ते ‘आलेच!’ दारात दूधवाला उभा असला की आपण आतून ओरडतो ना, आले, आले, आणि अजून खुर्चीतून उठलेलोही नसतो, तसलं ‘आलेच’. तुम्हाला वाटलं, बस चुकली, मंडळी परत येतायत. तोर्तिया, ते तुमचं अंडं-बटाट्याचं ऑम्लेट, ताटलीखाली झाकून ठेवलीत, आणि त्या जिन्यातला दिवा आपोआप विझतो म्हणून साडेअकरापर्यंत मधून मधून दार उघडून बटण दाबत राहिलात. हे मला तुम्ही नाही सांगितलं, वरच्या मजल्यावरच्यांनी सांगितलं.

परत आल्यावर तुम्ही रागावला नाहीत. मेणकापडावर बोट आपटून दाखवलंत. आघात ‘ये’वर पडला तर मी पोहोचतेय, तोच येगो, पण आघात ‘गो’वर गेला तर तो पोहोचला. ‘ये’वर दाबून येगे म्हटलं तर काज, ‘गे’वर दाबलं तर लाल बटण. लिहिताना सगळा फरक त्या स्वरावरच्या एका तिरक्या रेघेचा. आणि पोहोचणं आजचंच असेल तर तुमच्या गावात येगेसुद्धा नको, ‘ए येगादो’ हवं. मी ऱ्हस्व-दीर्घापायी मुलांचे अर्धे गुण कापणारी बाई, आणि माझ्या एका चुकीने तुमची तोर्तिया गार झाली.

मग गळ्यात पडून म्हणालात, “मे आलेग्रो दे के आयास येगादो.” पोहोचलीस, बरं वाटलं. मी लगेच बोट धरलं. ताई, आयास हे काज आहे! मी तर समोर उभी आहे, बटण लागलंय! तुम्ही स्वेटरकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, डबाही उघडलात, आणि शेवटी म्हणालात, “पोर्के सी.” असंच असतं. वर्गात मी असं उत्तर कधी दिलं नसतं, आणि बऱ्याच वेळा द्यायला हवं होतं. मागून मला वाटतं, त्या वाक्यात तुम्ही बातमी देत नव्हतात, बरं वाटल्याचं सांगत होतात. बातमी नसली की स्पॅनिश काज उघडते. मराठी तसं करत नाही. तू पोहोचलीस याचा आनंद झाला, सरळ भूतकाळ. इथे तुमची आमची वाट वेगळी.

तुमच्याच गावात 1492 साली नेब्रिखाने कास्तेयानोचं, म्हणजे स्पॅनिशचं, व्याकरण छापलं आणि राणी इसाबेलला अर्पण केलं. तुमच्या विद्यापीठात तो शिकवायचा, हे मला वाचून माहीत होतं. मी मोठ्या आदराने विषय काढला. तुम्ही बटाटे सोलत म्हणालात, त्याने बटणं विकली असती तर सोपं लिहिलं असतं. हे वाक्यही हरवलेल्या बटणाचंच, पण तुमच्या ते लक्षात नव्हतं.

तक्त्यातली एक रांग मात्र तुम्हालाही परकी होती. येगारे, भविष्याचा सुबखुन्तिवो. हे कोणी बोलत नाही, वकील लिहितात, असं म्हणालात, आणि दुसऱ्या दमात तुमच्याच तोंडून म्हण आली, “आदोंदे फ्वेरेस, आस लो के व्येरेस.” जिथे जाशील तिथलं बघून वाग. फ्वेरेस, व्येरेस, दोन्ही त्याच मेलेल्या रांगेतले! मी तुम्हाला ‘देश तसा वेश’ ऐकवलं. त्यात क्रियापदच नाही, हे कळल्यावर तुम्हाला फार हेवा वाटला.

देणं एकतर्फी नव्हतं, एवढं तरी म्हणू द्या. मी ‘पोहोचले’ म्हणते, पण माझे जावई ‘पोहोचलो’ म्हणतात, हे ऐकून तुम्ही म्हणालात, म्हणजे तुमच्या क्रियापदाला बोलणारी बाई आहे की बुवा हे कळतं? कळतं. आणि मी पोळी खाल्ली, पण आंबा खाल्ला. खाणारी तीच, तरी क्रियापद पोळीचं ऐकतं. त्यावर तुम्ही इतक्या हसलात की बाळ जागं झालं. काही दिवस तुम्ही पावाच्या तुकड्याला विचारून खात होतात.

मराठीतलं काज कुठलं, असंही तुम्ही विचारलं होतंत. मी विध्यर्थ सांगितला. यावे, बसावे, असावे. उदाहरण म्हणून आमच्या जुन्या पत्रांचा शेवट लिहून दिला. तुम्ही तो कागद डब्यात ठेवलात.

दुसऱ्या खेपेचे 90 दिवसही संपले. विमानतळावर निघताना जिन्यातलं वाक्य आलं नाही, कारण तुमचा गळा भरून आला होता. लेक सांगते, त्या संध्याकाळी तुम्ही तीनदा दार वाजवलंत आणि दर वेळी एकच म्हणालात, “या आब्रा येगादो.” एव्हाना पोहोचली असेल. भविष्यकाळ घेऊन अंदाज बांधायचा, ही खोड दोन्ही भाषांची. दहा वाजले असतील, जेवली असेल, पोहोचली असेल. मी तेव्हा मुंबईच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभी होते. संदेश लिहिला, तिरकी रेघ शोधायला दोन मिनिटं लागली, ती ‘गे’वरच्या स्वरावर ठेवली, तपासली, पुन्हा तपासली, आणि पाठवला. बॅग समोरून निघून गेली, ती पुढच्या फेरीला घेतली.

लेकीबरोबर एक पुडी पाठवतेय. इथल्या बाजारपेठेत एक जुनं दुकान अजून सुटी बटणं विकतं, त्यातली लाल निवडून घेतली आहेत. स्वेटरच्या खालच्या काजाला त्यातलं एखादं बसतंय का बघा. न बसलं तर राहू द्या.

पुडी पोहोचली की कळवा.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरच्या बाळाची आजी