डोक्याचा मार बरा झाला तरी फिटचं कोण सांगणार?

मा. संपादक,

बाईकच्या अपघाताच्या बातम्या रोज येतात, हेल्मेटवरून वादही भरपूर होतात, पण जो वाचून घरी येतो त्याचं पुढे काय होतं यावर कुठेच काही छापून येत नाही म्हणून लिहितोय. माझ्या चुलतभावाच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली होती, ऑपरेशन झालं, टाके निघाले, पठ्ठ्या कामावर पण जायला लागला. आणि काही महिन्यांनी एकदा जेवताना हातातला घास तसाच राहिला, एकटक कुठेतरी बघतोय, तोंड चघळल्यासारखं हलतंय, हाक मारली तर ओ नाही, मग धाडकन आडवा आणि हातपाय झाडायला लागला. घरात कोणी कांदा आणतंय, कोणी चप्पल हुंगवतंय, दुसऱ्या दिवशी अंगारा पण आला. जुन्या माराने असं होऊ शकतं हे डिस्चार्जच्या वेळी कोणी बोललंच नव्हतं!

नंतर न्यूरोच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. हॉस्पिटलात पहिले 7 दिवस फिटचं औषध देतात ते त्या आठवड्यात येणाऱ्या फिटसाठी असतं, पुढची एपिलेप्सी, म्हणजे पुन्हापुन्हा फिट येण्याचा आजार, त्याने टळत नाही. मेंदूवर जखमेचा वण राहतो तिथून ती सुरू होते, बहुतेकांना पहिल्या 2 वर्षांत आणि काहींना त्यानंतर पण. साध्या माराला हा धोका खूपच कमी असतो, उगाच घाबरू नका, पण गंभीर मार असेल तर 5 वर्षांत 100 पैकी साधारण 10 जणांना हे होतं, आता आपल्याकडचे अपघात बघा म्हणजे कळेल किती घरं आली यात.

माझी मागणी साधी आहे. डिस्चार्ज कार्डवर सगळं इंग्रजीत असतं, त्यात मराठीत चार ओळी छापा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, घड्याळ बघा आणि 5 मिनिटांच्या वर गेली तर 108 ला फोन करा. गोळ्या चालू झाल्या की बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका, हे तर ठळक अक्षरात हवं कारण लोक नेमकं तेच करतात. आरोग्य खात्याने सरकारी आणि प्रायव्हेट दोन्हीकडे हे सक्तीचं करावं, आणि तोपर्यंत ज्यांचा पेशंट नुकताच घरी आलाय त्यांनी पुढच्या तपासणीला डॉक्टरांना स्वतःहून विचारावं की याला फिटचा धोका किती आहे, आणि गाडी कधी चालवू द्यायची.

– एक वाचक, सातारा