साधी उन्हाळी समजलो, आई आयसीयूत गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हार्ट अटॅकची लक्षणं पेपरात इतक्या वेळा येतात की ती आता शाळेतल्या पोरांनाही पाठ झालीत, पण लघवीच्या इन्फेक्शनबद्दल कोण काही बोलत नाही, आणि बोललंच तर भरपूर पाणी प्या, संपलं. विषयच असा की चारचौघांत काढायची लाज वाटते. त्या लाजेपायी आमच्याकडे काय झालं ते लिहितोय, छापायचं की नाही ते तुम्ही बघा.

आईचं वय 68, बरीच वर्षं शुगर आहे. लघवीला जळजळ होतेय हे तिने दोन दिवस मला सांगितलंच नाही, मुलाला काय सांगायचं म्हणून. बायकोला सांगितलं तेही उन्हाळी लागलीय एवढंच. मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या स्ट्रिपमध्ये उरल्या होत्या, त्या तिने घेतल्या, जळजळ कमी झाली आणि आम्ही सगळे निवांत.

तिसऱ्या रात्री हुडहुडी भरली. साधी थंडी नाही हो, अंगावर तीन पांघरुणं टाकली तरी पलंग हलत होता, दात वाजत होते. ताप 103. उजव्या बाजूला बरगडीच्या खाली पाठीकडे हात लावू देत नव्हती, आम्हाला वाटलं कंबर भरलीय, बाम चोळला. पहाटे उठून बघतो तर पलंगावर बसून एकच टॉवेल घडी घालतेय, उलगडतेय, परत घडी घालतेय. मला ओळखलं नाही. रात्रीपासून लघवीलाही उठली नव्हती, हे नंतर डॉक्टरांनी विचारल्यावर लक्षात आलं.

हॉस्पिटलमध्ये वरचं बीपी 80 च्या खाली. सोनोग्राफी, सीटी झाल्यावर कळलं की उजव्या किडनीतून खाली येणाऱ्या नळीत खडा अडकलाय आणि त्याच्या वर किडनीत पू साठलाय. मी म्हटलं भारी अँटिबायोटिक द्या ना. तर डॉक्टर म्हणाले, मोरी तुंबलीय, वरून कितीही फिनाईल ओतून काय उपयोग, आधी बोळा काढावा लागतो. त्याच दिवशी आत स्टेंट, म्हणजे बारीक पोकळ नळी, घालून पू बाहेर काढला, खडा नंतर बघू म्हणाले. जंतू रक्तापर्यंत गेले होते, त्याला युरोसेप्सिस म्हणतात हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

आणि त्या उरलेल्या गोळ्यांचं ऐका. त्या नायट्रोफ्युरँटॉइनच्या होत्या. हे औषध लघवीच्या पिशवीतल्या इन्फेक्शनला चांगलं, पण किडनीच्या आत पुरेसं पोचतच नाही. म्हणजे खाली जळजळ थांबली आणि वर किडनीत काम चालूच. शिवाय गोळी आधीच पोटात गेल्यामुळे लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, काहीच उगवलं नाही, नेमका कोणता जंतू ते शेवटी रक्ताच्या कल्चरमध्ये सापडलं, ई. कोलाय, बहुतेक वेळा हाच असतो म्हणे. कल्चरचा सॅम्पल पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा असतो एवढी साधी गोष्ट आम्हाला माहीत नव्हती, आणि रिपोर्टला दोनेक दिवस लागतात म्हणून बरेच जण ते करायचं टाळतात तो भाग वेगळाच.

आयसीयूच्या बाहेर बसून मी डॉक्टरांचं डोकं बरंच खाल्लं. बायकांची लघवीची नळी जेमतेम 4 सेंटीमीटरची, म्हणून जंतू लवकर वर चढतात. शुगरवाल्यांच्या किडनीत तर जंतू गॅससुद्धा तयार करतात, क्वचित होतं पण जिवावर बेततं. गरोदर बाईला काही त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडले तर औषध देतातच, कारण किडनीपर्यंत गेले तर दिवस भरायच्या आधी बाळंतपण व्हायची भीती असते. लहान मुलांत नुसता ताप असतो, दुसरं काही दिसत नाही, आणि पुन्हा पुन्हा झालं तर किडनीवर व्रण राहून मोठेपणी बीपीचा त्रास लागू शकतो. पुरुषांनी खूश व्हायचं कारण नाही, प्रोस्टेट वाढलं की लघवी पूर्ण सुटत नाही आणि साठलेल्या लघवीत जंतूंचं फावतं.

याची उलटी बाजूही आहे. म्हाताऱ्या माणसांच्या लघवीत जंतू नुसते असतात, त्रास काहीच नसतो, तिथे रिपोर्ट बघून आपल्या मनाने अँटिबायोटिक सुरू करणं हाही मूर्खपणाच, त्याने औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात. मला हे ऐकून जरा गोंधळायला झालं. मग डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं: जळजळीसोबत थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, बरळणं किंवा लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. आम्ही नेमकी बघितली.

तर विनंती एवढीच की आरोग्याच्या पानावर ही लक्षणं एकदा मोठ्या अक्षरात छापा, आणि ‘उन्हाळी’ हाच शब्द वापरा, मूत्रमार्ग संसर्ग लिहिलंत तर माझी आई पान उलटेल. आठ दिवसांनी घरी आली, स्टेंट अजून आत आहे, पुढच्या महिन्यात खड्याबरोबर काढणारेत. आल्या आल्या औषधांचा डबा उघडून उरलेल्या स्ट्रिपा तिनेच बाहेर काढल्या, सात निघाल्या, त्यातल्या तीन माझ्या.

आपला,
एक वाचक