गयेला जाण्यापूर्वी

पणजी

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांना सा. नमस्कार, वि. वि.

म्हाळांच्या पंधरवड्यात गयेला जाण्याचा तुमचा विचार ताईकडून कळला. पाटण्याच्या कामाला जोडून मी गयेतल्या काही वेदी, म्हणजे पिंडदानाच्या जागा, पाहून आलो आहे आणि माझे स्पष्ट मत असे आहे, की तुम्ही अवश्य जावे, पण मेळ्याच्या गर्दीत नव्हे. गयाश्राद्धाला काळाचे बंधन नाही, असे वायुपुराणातले गयामाहात्म्यच सांगते; तेव्हा घरचा म्हाळ नेहमीप्रमाणे घालून मार्गशीर्षात निघावे.

परंपरेने सांगितलेल्या ३६० वेदींपैकी आज पन्नासच्या आसपासच उरल्या आहेत. बाकीच्या वस्तीत कधीच गडप झाल्या. उरलेल्यांचीही स्थिती सारखी नाही. अहिल्याबाई होळकरांनी १७८७ मध्ये बांधून घेतलेले विष्णुपद मंदिर भक्कम आणि सदा गजबजलेले आहे; चांदीने मढवलेल्या अष्टकोनी कुंडातल्या पदचिन्हावर पिंड वाहिले जातात. याउलट गल्लीतल्या एका वेदीच्या ओट्यावर वाळत घातलेली चादर सरकवून एक कुटुंब श्राद्धाला बसलेले मी पाहिले. शेजारच्या गटारात जवाच्या पिठाचे पिंड, तीळ आणि पत्रावळी चिखलासारख्या साचल्या होत्या आणि एक गाय त्यातच तोंड घालत होती. पिंड पडणारी जागा रोज धुतली पाहिजे, एवढी साधी गोष्ट तिथे कोणाचीच जबाबदारी दिसली नाही.

आपल्या गोव्यात हरवळ्याला रुद्रेश्वरासमोर असते तसे वाहते पाणी मनात धरून फल्गूकडे जाऊ नका. ही नदी बहुतेक काळ वाळूखालून वाहते. सीतेचा शाप म्हणतात तो हाच. पूर्वी तर्पणासाठी वाळू उकरून पाणी काढावे लागे. २०२२ मध्ये रबरी बंधारा झाल्यापासून देवघाटापाशी पाणी अडवलेले असते, त्यामुळे आईला स्नान सोपे जाईल.

सतरा दिवसांचा सर्व वेदींचा विधी तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही, बाबा. फल्गू, विष्णुपद आणि शेवटी अक्षयवट असा एका दिवसाचा क्रम गयेत सर्रास चालतो आणि त्यात उणे काही मानत नाहीत. अण्णाकाका अकाली गेले म्हणून, अकाली गेलेल्यांसाठी जिथे पिंड देतात त्या प्रेतशिळेच्या टेकडीचा तुमचा आग्रह असणार, हे मला ठाऊक आहे. तिथल्या पायऱ्या उभ्या आहेत. डोलीवाले मिळतात, पण घासाघीस फार करावी लागते. त्यापेक्षा तुम्ही पायथ्याच्या ब्रह्मकुंडापाशी पिंड द्यावेत आणि वर मी जाईन.

गयावळांच्या, म्हणजे गयेतल्या तीर्थोपाध्यायांच्या, वंशावळीच्या वह्या प्रांत आणि गावानुसार असतात. म्हणून गोत्र, मूळ गाव आणि पोर्तुगीज अमदानीतल्या कागदांवर आपले आडनाव जसे लिहिले आहे तसे एका कागदावर उतरवून ठेवा. आजोबांच्या वडिलांचे नाव मला नक्की आठवत नाही, तेही त्यात लिहा. दक्षिणेचा आकडा मात्र संकल्पाआधीच ठरवून घेऊ. ते बोलणे माझ्यावर सोडा.

तुमचा होकार आला की तिकिटे काढतो.

आपला,
संजू