फिशिंग ट्रिपबद्दल तक्रार, आणि तो सुरमईचा फोटो आधी काढा

प्रति,
बुकिंग आणि कस्टमर केअर बघणारे जे कोण असतील ते,

नमस्कार. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी देवबागहून तुमची ‘गायडेड फिशिंग’ ट्रिप केलेला पाच जणांचा ग्रुप आम्ही. फोनवर दोनदा सांगून झालं, दोन्ही वेळेला ‘सरांना सांगतो’ म्हणाले, सर काय अजून फोन करेनात, म्हणून आता सगळं लिहूनच पाठवतोय. जरा लांबलंय पण वाचा.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर कोल्हापुरातून निघालो, राधानगरी, फोंडा घाट करत रात्री अडीचला पोचलो, दोन तास पडलो आणि सव्वापाचला तुमच्या जेटीवर हजर. का तर तुमच्याच माणसाने मेसेज केलेला, ‘साडेपाच म्हणजे साडेपाच, बोट कुणासाठी थांबत नाही’. बोट आली नऊ चाळीसला. चार तास आम्ही जेटीवर डास मारत बसलो, फोन उचलायला कोणी नाही, आणि आल्यावर सॉरी पण नाही, म्हणे इंजिनाचा प्लग गेलेला.

आता तुम्ही म्हणाल चार तासांनी काय बिघडतंय. आमच्यातला एक आचऱ्याचा आहे, त्याचं लहानपण खाडीवर मासे गरवण्यात गेलंय, त्याने तिथेच बसून हिशोब मांडून दाखवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्या दिवशी अष्टमी, म्हणजे आठाची पाऊणपट सहा. सहाच्या आसपास पाणी भरलेलं असणार आणि बारापर्यंत सुकती, म्हणजे ओहोटी. त्यात अष्टमीचा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, भरती-ओहोटी लहान, पाण्याला ओढ कमीच, म्हणजे जे काय मिळायचं ते पहाटेच मिळणार होतं. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो, समुद्र शांत असतो, तेव्हा बाहेर खडकाकडे जायचं, तांबोसा नाहीतर गोब्रा असला मोठा मासा लागतो, असं तुमच्याच जाहिरातीत लिहिलंय की! दहाला निघाल्यावर तुमचा गाईड म्हणतो वारा उठलाय, बाहेर जाता येणार नाही. बरोबरच आहे, वारा उठणारच, तो काय तुमचा प्लग बसायची वाट बघणार आहे का.

मग नांगर टाकला कुठे, तर सुनामी आयलंडच्या बाजूला. शनिवार, सीझन, चारी बाजूंनी जेट स्की आणि बनाना राईड, त्यावरची पोरं आम्हाला हात करतायत आणि आम्ही रॉड धरून बसलोय, मासा काय तिथे बहिरा असेल तरच थांबेल. साडेअकराला बोट वाळूत टेकली ते वेगळंच, आम्हीच उतरून ढकलली.

गाईडबद्दल बोलायचं तर तो आदल्या रात्री आम्हाला रूमची चावी देणारा पोरगा. गोड आहे, तक्रार त्याच्यावर नाही, पण त्याला गरीला कोळंबी लावता येत नव्हती. रीळ गंजलेलं, कोळंबी शिळी, पाण्यात टाकली की गळून जायची, आणि तो ‘आज मासे मूडमध्ये नाहीत सर’ म्हणत मोबाईलवर आमचं शूटिंग करत होता. त्याच बोटीवरचा खलाशी, असेल विसेक वर्षांचा, त्याने आमची दया येऊन स्वतःचा तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी काढली, नुसत्या हाताने टाकली आणि दहा मिनिटांत दोन शेंगट्या काढल्या. अख्ख्या दिवसाची कमाई तेवढीच.

त्यातली एक पिंट्या गरीतून सोडवायला गेला. पिंट्या मस्कतला असतो, दोन वर्षांनी आला होता, ही ट्रिप खरं तर त्याच्यासाठीच ठरवलेली. शेंगटीचा काटा लागला की काय होतं हे गाईडने सांगायला नको? अंगठ्यात काटा गेला आणि माणूस पांढरा पडला. फर्स्ट एडचा डबा मागितला तर त्यात एक कापूस आणि कुणाच्या तरी गॉगलची केस. शेवटी त्या खलाशानेच सांगितलं की गरम पाण्यात बुडवा, भाजणार नाही एवढं गरम, त्याने ठणका कमी होतो. गरम पाणी कुठलं आणणार, आमच्या थर्मासमधला चहा कपात ओतला आणि पिंट्या अर्धा तास चहात अंगठा घालून बसला होता. आज हसायला येतंय, तेव्हा नव्हतं येत.

लाईफ जॅकेट पाच जणांना तीन, त्यातल्या एकाचं बक्कल तुटलेलं, ‘खाडीतच तर आहे सर’ हे उत्तर. मे २०२२ ला तारकर्लीलाच बोट उलटून दोन पर्यटक गेलेत, तुम्ही तिथलेच आहात, तुम्हाला हे मी कोल्हापुरातून लिहून कळवायचं का?

आता मेन मुद्दा. परत आल्यावर जेटीवर गाईडने थर्माकोलच्या पेटीतून एक मोठी सुरमई काढली, म्हणाला मेमरीसाठी एक फोटो घेऊया. आम्ही पाचही जण ती धरून उभे राहिलो, दात काढून हसलो पण, ती चूक आमची, कबूल. मासा लाकडासारखा ताठ, डोळा पांढुरका, कल्ला उचलला तर आत तपकिरी, आणि मानेभोवती जाळ्याचा वळ. आचरेकर तिथेच म्हणाला, ‘रे, हेच्या तोंडाक गरीची खूण खंय आसा?’ फोटो झाला आणि सुरमई परत पेटीत गेली, आम्हाला जेवायला बांगड्याचं कालवण.

आणि सोमवारी तुमच्या पेजवर तोच फोटो, खाली ‘आमच्या गेस्टची आजची कॅच, ७ किलो’. नांगर टाकून खाडीत कोळंबीवर सात किलोची सुरमई? त्याच्यासाठी बाहेर जाऊन चालत्या बोटीतून ट्रोलिंग करावं लागतं (इंटरनेटवालं नव्हे). तो फोटो बघून घरचे विचारतायत सुरमई कुठाय, पिंट्याच्या आईने तर मसाला वाटून ठेवला होता. कुणीतरी खाली विचारलंय ‘गाईड कसा आहे’, आणि आमच्या तोंडाकडे बघून लोक बुकिंग करणार, हे मला अजिबात चालणार नाही.

तर फोटो दोन दिवसांत काढा. साडेबारा हजार दिलेत, डिझेल आणि खलाशाची मजुरी ठेवून घ्या, बाकीचे परत करा, आणि त्याच्या मजुरीत काटछाट नको, कामाचा तेवढाच एक माणूस होता. आठवड्यात उत्तर नाही आलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकणार आहे. बुकिंगची पावती, साडेपाचचा मेसेज, तुटलेल्या बक्कलचा फोटो आणि पिंट्याचा चहातला अंगठा, सगळं सोबत जोडलंय.

तुमचा,
फोटोत डावीकडून दुसरा